गंज न चढणारा बुलबार

२ मार्च, गुरुवार

महिन्यातून एकदा विमानानं येते ती डॉक्टरीण म्हणाली, "ब्रॉन्विन, रक्तदाब उतरवायचा असेल तर राग माणसांवर काढू नकोस, वहीत काढ." म्हणून ही वही आणली. बघू किती मावतो.

आज राग कांगारूवर. कॅराडाइनच्या गुरांच्या फार्मवर टपाल टाकून परत येत होतो, मी आणि ग्लेनिस. बारा मैलांच्या ओढ्याजवळ, दिवस बुडता बुडता, गवतातून एक तांबडा नर उसळला तो थेट आमच्या नाकावर. माझ्यापेक्षा उंच होता मेला. मी ब्रेक दाबला, चाक वळवलं नाही. वळवणारे उलटतात. ग्लेनिसच्या मांडीवर अख्खा थर्मास सांडला आणि ती किंचाळली. चहानं भाजलं म्हणून की कांगारू आला म्हणून, तिचं तिला ठाऊक.

नर जागीच गेला बिचारा. गाडीच्या नाकापुढचा आमचा लोखंडी कठडा, म्हणजे बुलबार, आजवर कांगारू, रानडुकरं आणि एकदा मर्व्हचा बैलसुद्धा पचवून उभा होता. दर वेळी घणानं ठोकायचा, सरळ करायचा, पुढे चालू लागायचं. या खेपेला त्याचा एक पायच तुटला, बार मागे सरकला आणि रेडिएटरला भोक. ग्लेनिसनं सँडविचसाठी आणलेली मिरपूड रेडिएटरमध्ये ओतली, गळती बरीचशी थांबली. मी वायरलेसवर वाटेतल्या ब्लू रेंज फार्मच्या मर्व्हला कळवलं की उशीर होईल पण पोचू. मग कुरणांच्या दर फाटकाला पाणी ओतत ओतत घरी आलो.

फाटकं ग्लेनिसनं उघडली, नेहमीसारखी. मी चालवते, ती उतरते. वीस वर्षं हेच चाललंय. आज जरा लंगडत होती. म्हटलं, "पाय उचल बाई, रेडिएटर वाट बघत नाही."

५ मार्च, रविवार

नवा बुलबार घ्यायचा यावर दोघींचं एकमत. इथवर ठीक. दुपारी तिच्या स्वयंपाकघरात बसलो. गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून ती ट्रेव्हच्या गॅरेजमधून आणलेलं माहितीपत्रक चाळत होती. मी म्हटलं, "चाळायचं काय त्यात? लोखंडी. पान उलटून टाक."

"मला वाटतं या वेळी ॲल्युमिनियमचा घ्यावा," ती म्हणाली.

मी हातातला जॅम लावलेला स्कोन खाली ठेवला.

"निम्म्या वजनाचा असतो ब्रॉन. पुढच्या स्प्रिंगा बसत नाहीत. डिझेल कमी लागतं. आणि गंज चढत नाही."

"गंज? मुलगारीत? अगं बाई, गंज चढायला इथे पाणी कुठंय? समुद्र बघायचा तर दोन दिवस गाडी हाकावी लागते!"

"तरी पण."

"तरी पण काय? लोखंड वाकतं, ठोकून सरळ होतं. तुझं ते ॲल्युमिनियम वाकत नाही, चिरतं. इथल्या खडबडीत रस्त्यावर हादरून हादरून सहा महिन्यांत चिरेल. मग इथे कोण सांधणार? मर्व्ह? त्याला लोखंड जोडता येतं, हे असलं नाजूक काम नाही."

"लोखंडी होता म्हणून काय झालं? परवा तुटलाच ना?"

"वीस वर्षांनी तुटला! वीस वर्षांनी मीसुद्धा तुटेन!"

तिनं माहितीपत्रक मिटलं. मग म्हणाली, "ब्रॉन, मला तुझ्याशी एक बोलायचं होतं."

"आधी हे ऐक," म्हटलं, आणि तिला त्या गुरं नेणाऱ्या ट्रकवाल्याची गोष्ट सांगितली, ज्याचा ॲल्युमिनियमचा बार इमूनं फोडला. इमूनं! कोंबडीच ती, मोठी झाली म्हणून काय झालं. तासभर लागला सांगायला. घरी आल्यावर आठवलं की तिला काहीतरी बोलायचं होतं. गुडघ्याचंच असणार.

९ मार्च, गुरुवार

आज मर्व्हनं मला चाट पाडलं.

मर्व्ह म्हणजे लोखंडाचा भक्त. त्याच्या घराचं दार लोखंडी, जेवायचं टेबल लोखंडी, बायको थेल्मा तेवढी हाडामांसाची. मी मुद्दाम ग्लेनिससमोर विषय काढला. म्हटलं, आता घेईल हा हिचा समाचार. तर हा ग्लेनिसकडे बघतो, मग चहाकडे बघतो, आणि म्हणतो, "ॲल्युमिनियम काही वाईट नाही म्हणा."

"काय म्हणालास?"

"हलका असतो. बरा असतो. काही काही कामांना."

"कुठल्या कामांना? पोळ्या लाटायला?"

थेल्मानं घाईघाईनं केक कापायला घेतला. आधी कापलेला होताच, तोच पुन्हा कापला. काल मुक्कामाला कॅराडाइनवर तिथल्या मालकिणीनं, जोडीनंही तेच सांगितलं होतं: "घेऊ दे ना तिला तिचा ॲल्युमिनियमचा." जोडी चारशे गुरं एकटी हाकते, तिच्या गाडीला रेल्वेच्या रुळाएवढा जाड बार आहे. आणि ती मला हलक्याचं कौतुक सांगते!

ऊन लागलंय सगळ्यांना. दुसरं काय.

१७ मार्च, शुक्रवार

वही, आज तुझी गरज आहे. डोक्यात तिडीक गेलीय.

सकाळी ट्रेव्हकडे गेले, लोखंडी बार सांगून टाकायला. ग्लेनिसला म्हणाले नव्हते. म्हणायचं काय त्यात? गाडी चालवते कोण? एकदा बसला की तिला पटला असता.

ट्रेव्ह गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, पुन्हा पुसले. "ब्रॉन, ग्लेनिस येऊन गेली गं. सोमवारी. ॲल्युमिनियमचा सांगितलाय. वर त्या दोन नळ्या जोडून."

"कसल्या नळ्या?"

"गळाच्या काठ्या उभ्या ठेवायच्या. वाळूवर गाडी नेतात ना मासे धरायला, ती माणसं लावतात तशा..." आणि एकदम गप्प झाला. पुन्हा गाडीखाली गेला. मी त्याच्या बुटांशी किती वेळ बोलत होते.

तशीच ग्लेनिसकडे. "माझ्या मागे जाऊन सांगून आलीस? वीस वर्षांत आपण साधा टायर एकमेकींना विचारल्याशिवाय घेतला नाही!"

"तू तरी आज ट्रेव्हकडे कशाला गेली होतीस?" ती म्हणाली.

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"ते वेगळंच. आणि काठ्यांच्या नळ्या कशाला गं? मासे धरणार तू?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कॅराडाइनच्या डोहात असतात ना पिवळे मासे. मुक्कामाला असतो तेव्हा संध्याकाळी. वाटलं आपलं."

वीस वर्षांत तिनं गळाला हात लावला नाही. एकदा जोडीनं मासा साफ करायला दिला तर हिला ओकारी आली होती. पण वय झालं की माणसाला एकेक खुळं लागतात. तिचा नवरा गेल्यापासून एकटीच असते. मुलगी तान्या तिकडे लांब किनाऱ्यावर, नातवाला व्हिडिओवर बघायचं. असो. तरी मी दार आपटून आले. दार आपटायलाच हवं होतं.

३० मार्च, गुरुवार

दोन आठवडे गाडीत आम्ही फक्त "फाटक" आणि "हं" एवढंच बोललो. मला नाही जमत असं. गप्प बसले की रक्तदाब वाढतो, ते मशीन सांगतं.

काल रात्री कॅराडाइनच्या पडवीत बसलो होतो. विचार केला, बुलबार तो बुलबार. त्यावरून ग्लेनिसशी वैर धरायचं? मला आहे कोण दुसरं? माझा नवरा बावीस वर्षांपूर्वी बैलावर बसायचे ते रोडिओचे खेळ बघायला गेला तो अजून बघतोय. पोरंबाळं नाहीत. हा टपालाचा रस्ता आहे आणि ही बाई आहे. जूनमध्ये ठेका संपतो, आणखी पाच वर्षांचा मिळाला की मी त्रेसष्टची होईन, मग बघू. दोन माणसं असल्याशिवाय हा रस्ता ते कुणाला देतच नाहीत, तेव्हा मला ती आणि तिला मी. हा रस्ता गेला तर मी घरात बसून काय करणार? भिंतींशी भांडणार?

म्हणून म्हटलं, "घे बाई तुझा ॲल्युमिनियमचा. मी हरले. चिरला तर बोलणार नाही. म्हणजे बोलेन, पण कमी बोलेन."

तर ती रडायला लागली! हमसून हमसून. मला कळेना. "अगं, बुलबारवर कोण रडतं?" म्हटलं. मला मिठी मारली तिनं. वीस वर्षांत ही तिसरी मिठी असेल, पहिल्या दोन अंत्ययात्रांना.

"ब्रॉन, तू चांगली आहेस गं," म्हणाली. "तू अशी चांगली वागलीस की मला..."

"पुरे," म्हटलं. "ठेक्याचे कागद आले का? पाठवलेस का?"

"कागदांचं मी बघते," म्हणाली आणि नाक पुसत आत गेली.

बिचारी. माझ्या मनाच्या मोठेपणानं भारावली. मला स्वतःलाही जरा बरं वाटलं. सकाळी रक्तदाब चक्क कमी होता.

२० एप्रिल, गुरुवार

नवा बार बसला. दिसतो चांगला, हे कबूल करते. चकचकीत, नवरीच्या ताटासारखा. वर त्या दोन नळ्या, मूर्खासारख्या आकाशाकडे बघत. गाडीचं नाक वर आलंय आणि स्टिअरिंग हलकं लागतं. ग्लेनिसला सांगितलं नाही.

या फेरीला जो तो बार बघायला बाहेर आला. पण बार सोडून सगळे ग्लेनिसकडेच बघत होते. जोडीनं तिला जवळ घेतलं ते सोडेच ना, आणि एक विणलेली शाल दिली. मर्व्हनं तिच्याशी हस्तांदोलन केलं. मर्व्हनं! तो स्वतःच्या लग्नातसुद्धा हात खिशात घालून उभा होता. मी म्हटलं, "अरे, बुलबार बसवलाय, पदक नाही मिळालं तिला." कुणी हसलं नाही. एरवी माझ्या अर्ध्या विनोदाला हसतात.

घरी येताना म्हटलं, "लोकांना तुझा पुळका आलाय." ती फाटक उघडायला उतरली.

२७ एप्रिल, गुरुवार

पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. तरी लिहिणार. डॉक्टरणीनं सांगितलंय.

परतीच्या वाटेवर ब्लू रेंजला चहाला थांबलो. ग्लेनिस म्हणाली गुडघा दुखतोय, मी गाडीतच बसते. मी आत गेले. मर्व्ह, थेल्मा आणि मी. त्यांचा वायरलेस फ्रिजवर असतो, कायम चालू, जसा सगळ्यांच्या घरी असतो. टेकडीवरच्या मनोऱ्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या घरांत एकमेकांचं ऐकू येतं. कुणाच्या गाडीत माइक सीटवर पडला आणि त्याच्यावर बूड टेकलं की बटण दाबलं जातं, आणि त्या गाडीतलं सगळं बोलणं घरोघर. सगळ्यांचं कधी ना कधी झालंय. मागे एकानं अख्ख्या मुलुखाला प्रेमगीत ऐकवलं होतं.

आज ग्लेनिस बसली माइकवर.

आधी गाडी थांबल्याचा आवाज आला, मग पुरुषाचा. तरुण माणूस, ओळखीचा नाही. "नमस्कार ग्लेनिस! मी आणि बायको पुन्हा एकदा फाटकं बघून येतोय. एक जुलैपासून आम्हालाच यायचंय, चुकायला नको."

मी कप हातात तसाच धरून बसले.

मग ग्लेनिसचा आवाज, फ्रिजवरून, स्वच्छ. "सातव्या फाटकाची साखळी घट्ट आहे, डॅरेन. वर उचलून ओढायची."

"ब्रॉन्विनना सांगितलंत?"

"नाही अजून."

"सांगा हो. आम्हालाच अवघड होतंय. वाटेत दिसल्या की बायको मान खाली घालते."

थेल्मा उठली, हात वायरलेसकडे गेला. "हात लावू नकोस," मी म्हटलं. तिनं हात मागे घेतला. मर्व्ह चहा ढवळत होता. साखर कधीच विरघळली असेल.

ग्लेनिस बोलत होती: "जूनअखेर जायचं मी. तान्याचं घर समुद्रापासून चालत आहे. नातू रोज विचारतो, आजी, मासे धरायला कधी येतेस? म्हणून तर हा बार घेतला, खाऱ्या हवेत टिकेल असा. ब्रॉनला वाटतं कॅराडाइनच्या डोहासाठी." इथे ती जराशी हसली. हसली! "सांगायला जाते आणि तोंड उघडत नाही रे. तिच्यापुढे कुणाचं उघडतं? वीस वर्षं या फाटकांवर उतरतेय मी. उन्हात, चिखलात, या गुडघ्यानं. एकदा तरी तिनं म्हणावं ना, बस गं, आज मी उघडते."

मग काहीतरी हललं असणार, कारण खरखर झाली आणि आवाज गेला. लगेच दुसरा आला, जोडीचा, कॅराडाइनहून. दबक्या आवाजात: "ग्लेनिस, माइकवर बसली आहेस तू. ग्लेनिस, सगळीकडे ऐकू येतंय."

मी मर्व्हकडे बघितलं. "तुला माहीत होतं."

"ती म्हणाली होती, मीच सांगेन, तुम्ही बोलू नका."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी असेल."

"म्हणजे कांगारूच्या आधीपासून! जोडीला?"

"सगळ्यांनाच, ब्रॉन."

"आणि तू मला तोंडावर सांगितलंस, ॲल्युमिनियम वाईट नाही म्हणून."

तो ढवळायचा थांबला. "खोटं बोललो गं. मला नाही आवडत ते."

हसू नये कुणी, पण तेच मला सगळ्यात लागलं. ग्लेनिसनं केसानं गळा कापला तो कापलाच. पण मर्व्ह? लोखंडाच्या बाबतीत? मी दोन महिने या घराघरांत जाऊन बुलबारवर घसा फोडत होते, आणि हे सगळे मूग गिळून, केक पुढे करून, माझ्याकडे बघत होते. त्यांच्या लेखी मी वेडी झाले. माझीच वरात होती आणि मीच पुढे नाचत होते.

गाडीत बसले. ती पांढरीफटक. मी किल्ली फिरवली, ती म्हणाली, "मी किती वेळा सांगायला आले, ब्रॉन. दर वेळी तू बुलबारवर जायचीस."

"फाटक," मी म्हटलं.

ती उतरली, उघडलं. मी गाडी पलीकडे काढली आणि थांबले नाही. तिनं फाटक लावलं असेल, कडी घातली असेल, मी आरशात बघितलं नाही. दूर, त्या वाळलेल्या झाडापाशी जाऊन थांबले. इंजिन चालू. ती चालत आली. खूप वेळ लागला तिला. आली, बसली. पुढच्या फाटकाला पुन्हा उतरली, आणि त्या वेळी मी थांबले. इथे माणसाला रस्त्यात टाकून जात नाहीत, एवढं मला कळतं.

आणि गाडी चालवणारा फाटक उघडत नाही, ही इथली रीत आहे. मी केलेली नाही. त्यात माझं काय चुकलं?

२८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी फोन केला. ठेक्याचं काम बघणारी मुलगी गोड बोलली. गोड बोलणाऱ्यांची आता भीती वाटते.

तिनं सांगितलं ते असं: ग्लेनिसनं आपलं नाव काढून घेतलं फेब्रुवारीतच. माझं नाव आहे. पण रस्त्याला दोन माणसं लागतात. जुन्या ठेकेदाराचा हक्क पहिला, दुसरं माणूस एप्रिल संपायच्या आत दाखवलं तर रस्ता माझाच. नाही दाखवलं तर एक जुलैपासून तो डॅरेन. "तुम्हाला हे फेब्रुवारीत कळवलं होतं की," म्हणाली. "ग्लेनिसबाई म्हणाल्या, मी सांगते तिला."

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. आणि मला उरले आज, उद्या आणि परवा.

अंगणात जाऊन जोरात ओरडले. शेजारचा कुत्रा भुंकला. मग आत येऊन फोन हातात घेतला.

२९ एप्रिल, शनिवार

ट्रेव्हची बायको: पाठ दुखते. शाळेतल्या स्वयंपाकीणबाई: नको गं, गाडी लागते मला. थेल्माची भाची: विचारून सांगते, आणि लगेच फोन बंद. पबच्या मालकिणीनं तर मी कोण ते कळल्यावर "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" केलं. मला तिच्या पार मागच्या टीव्हीवरचा फुटबॉल ऐकू येत होता.

शेवटी जोडीला लावला. जोडी खोटं बोलत नाही. म्हणजे बोलते, हे आता कळलं, पण तिला ते नीट जमत नाही. म्हटलं, "जोडी, तुझ्याकडे ती दोन माणसं आहेत कामाला, एक दे मला. आठवड्याचे दोन दिवस. नुसतं फाटकं उघडायची."

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "विचारलं गं मी त्यांना. कालच विचारलं, तू फोन करणार हे ठाऊक होतं."

"मग?"

"ब्रॉन, रागावू नकोस. तुझ्याबरोबर दोन दिवस गाडीत कोण बसेल? ग्लेनिस बसली वीस वर्षं. ती ग्लेनिस होती म्हणून."

मी फोन ठेवला. नीट ठेवला, आपटला नाही. हे काय बोलणं झालं? मी कुणाला खाते का? मी बोलते, एवढंच. गाडीत कुणीतरी बोलायला नको? ग्लेनिस तर तोंडातून शब्द काढायची नाही!

हे सगळं तिनंच पेरलंय. एकेका घरी जाऊन, चहा पीत, गुडघा दाखवत.

३० एप्रिल, रविवार

ग्लेनिस दारात आली. हातात झाकलेलं ताट, भाजलेलं मटण असावं. "मी ते आधी सांगायला हवं होतं," म्हणाली. "तारखेचंही. मला वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. तू रस्त्याबद्दल इतक्या आनंदात बोलायचीस."

"तुला माझा आनंद मोडवला नाही, म्हणून तू माझा रस्ता घालवलास," मी म्हटलं.

तिनं ताट दुसऱ्या हातात घेतलं. डोळे भरून आले.

"आता रडू नकोस. मागच्या वेळी तुझं रडणं मी खरं समजले."

"ते खरंच होतं, ब्रॉन."

दार लावलं. ताट पायरीवर ठेवून गेली. मुंग्या लागल्या असतील, लागू देत.

दिवस संपला. मुदतही संपली.

२९ जून, गुरुवार

लिहिलं नाही इतके दिवस. लिहिण्यासारखं काही नव्हतं. टपाल थांबत नाही, म्हणून मे आणि जून आम्ही दोघी एकाच गाडीत बसलो. मी चालवलं, तिनं फाटकं उघडली. चहाच्या घरांत मी आत गेले नाही, थैली पायरीवर टाकून गाडीतच बसले. थेल्मा एकदा केक घेऊन खिडकीशी आली. म्हटलं, "ग्लेनिसला दे, मला साखर मना आहे."

आज शेवटची फेरी. बाराव्या मैलापाशी एक कांगारूची पोर आडवी आली, मी ब्रेक दाबला, निसटती धडक बसली. पोर उठून पळाली. बारला डाव्या बाजूला केसासारखी चीर गेली. मी उतरून बघितली. ग्लेनिस पण उतरली.

"सांगितलं होतं ना," एवढं तोंडापर्यंत आलं होतं. पण ज्याच्याशी बोलणं उरलंय त्यालाच असलं बोलायचं असतं. मी गाडीत जाऊन बसले.

मला वाटलं ती काही म्हणेल. तीही बसली.

१ जुलै, शनिवार

गाडी तिची झाली, माझा वाटा तिनं दिला. सकाळी बघितलं तर सामान भरून तयार. नळ्यांत दोन नव्या काठ्या. मी पडद्यामागेच उभी होते. तिनं माझ्या दाराकडे बघितलं, दोन पावलं आली, थांबली, गेली. दाराशी आली असती तर मी उघडलं असतं का? नसतंच उघडलं. म्हणून न आलेलंच बरं, हे तिला कळतं. वीस वर्षांत तेवढं शिकली.

गाडीचा आवाज गेल्यावर मी स्वयंपाकघरात येऊन बसले. वायरलेस चालू होता.

"ब्रॉन," तिचा आवाज आला. "ब्रॉन, ऐकतेस का?"

मी माइक हातात घेतला. किती काय काय साठवलं होतं मी या दोन महिन्यांत, तिला ऐकवायला. विश्वासघातकी, दुतोंडी, चोरटी, सगळे शब्द पाठ होते. मुलूखभरच्या स्वयंपाकघरांत ऐकू गेलं असतं, जाऊ दे की, त्यांनीही ऐकावं.

"ब्रॉन, मी किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या ओढ्यापर्यंत आलेय. पुढे मनोरा लागणार नाही." खरखर. "चीर बघितली मी. तू बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं वाटलं असतं मला." मग पुन्हा खरखर. "ब्रॉन?"

कुणी मध्ये बोललं नाही. मर्व्ह, थेल्मा, जोडी, ट्रेव्ह, सगळे आपापल्या फ्रिजजवळ उभे असणार, मला माहीत आहे. बटणावर बोट होतं माझं. दाबेना. एवढी बडबडी मी, मला एक शब्द सुचेना. शिव्या होत्या त्या कुठे गेल्या कोण जाणे.

कितीतरी वेळानं बटण दाबलं. "ग्लेनिस," म्हटलं, "उजेड आहे तोवर गाडी थांबव. संध्याकाळी चालवू नकोस. चीर वाढेल ती. सावकाश जा."

उत्तर आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "ग्लेनिस, ऐकलंस का?"

मग मर्व्ह आला. अगदी हळू, आजारी माणसाशी बोलतात तसा. "ब्रॉन, ती गेली गं ओढ्यापलीकडे. तिला नाही ऐकू येणार आता."

"तू गप्प बस, मर्व्ह," मी म्हटलं. "गप्प बसायला तुला छान येतं."

आणि वायरलेस बंद केला.